सोलापूरच्या थंडीत बाळाला काय लागतं आणि उरलेल्या लोकरीतून काय विणावं

आत्या होणार म्हणून तुझी लगबग चालली आहे, ते तुझ्या प्रश्नातच दिसतंय. तू सांगितलंस ते असं: वहिनीचे दिवस सप्टेंबरअखेर भरतात, बाळंतपण बार्शीला तिच्या माहेरी, आणि डिसेंबरच्या सुरुवातीला ती बाळाला घेऊन सोलापुरात येणार. घरात उरलेली लोकर पाच तऱ्हेची आहे. पांढरी बेबी लोकर साधारण ८० ग्रॅम. जुना मरून पुलोव्हर उसवून निघालेली लोकर १४० ग्रॅम. वेगवेगळ्या रंगांचे दहा-बारा छोटे गुंडे, सगळे मिळून सव्वाशे ग्रॅम. सासरच्या टॉवेलच्या मागावरचं उरलेलं सूत, हवं तेवढं. आणि एक गुलाबी, केसाळ गुंडा. या सगळ्याचं मिळून रंगीत पांघरूण करू, की स्वेटर-टोपी-मोज्यांचा संच करू, असं तू विचारलंस.

मी म्हणेन, दोन्ही नको. पांढऱ्या लोकरीची बिनबाह्यांची बंडी आणि टोपडं कर, सुताची लाळेरी कर, छोट्या गुंड्यांचा चेंडू कर, आणि मरून लोकर वहिनीला दे. गुलाबी गुंडा बाळाच्या वाटेला जाऊच देऊ नकोस. हे का, आणि कसं, ते आता सांगते.

उरलेली लोकर समोर ठेवून बसलं की माणूस लोकरीकडे बघून ठरवतो. मी शिकायला येणाऱ्या मुलींना आधी कॅलेंडर काढायला लावते. थंडी पडेल तेव्हा बाळ किती महिन्यांचं असेल, एवढंच आधी काढायचं. आपल्या सोलापुरात ऑक्टोबर अजून तापलेला असतो. खरी थंडी नोव्हेंबरच्या मध्यावर सुरू होते आणि संक्रांत झाली की हळूहळू ओसरते. फेब्रुवारीत दुपारी पंखा लागतो. म्हणजे तुझं भाचरू ऑक्टोबरमध्ये अगदी तान्हं असेल तेव्हा त्याला लोकरीची गरजच नाही, मऊ सुती झबलं पुरे. थंडीत ते दीड ते चार महिन्यांचं असेल. आणि पुढच्या थंडीला सव्वा वर्षाचं होऊन घरभर पळत असेल, तेव्हा यातलं काहीच त्याच्या अंगात जाणार नाही. म्हणून माप धरायचं ते तीन महिन्यांच्या बाळाचं, थोडं सैल. नव्या बाळाच्या मापाचा इवलासा स्वेटर दिसतो फार गोड, पण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या बाळाला सोलापूर-बार्शीकडे तो एकदाही घालायची वेळ येत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या थंडीची. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा साधारण १५-१६ अंशांवर येतो, एखाद्या आठवड्यात त्याच्याही खाली उतरतो, आणि दुपारी पुन्हा तिशीच्या आसपास जातो. सकाळी सातला घातलेलं दहाला काढावं लागतं. विणकामाचे बहुतेक व्हिडिओ थंड मुलखातले असतात. तिथलं बाळ दिवसभर लोकरीत असतं, म्हणून तिकडे बंद गळ्याचे, पूर्ण बाह्यांचे, डोक्यातून घालायचे स्वेटर विणतात. तीन महिन्यांच्या बाळाच्या डोक्यातून घट्ट गळा काढायचा म्हणजे बाळ रडणार आणि आई घाबरणार. आपल्याला हवं ते पुढून उघडं, बिनबाह्यांचं, झोपलेल्या बाळालाही न उठवता काढता येईल असं. छाती आणि पाठ उबदार राहिली की बाळाला पुरतं. हात मोकळे राहू देत.

इथेच एक सांगते, कारण घरोघरी यावरून वाद होतात. बाळाचे तळहात-तळपाय गार लागतात म्हणून आजी आणखी एक कपडा चढवते. तान्ह्या बाळांचे हातपाय थोडे गार असतातच. गरम-गार बघायचं ते मानेच्या मागे किंवा छातीवर हात लावून. तिथे घाम लागला तर एक थर काढायचा. आपण जेवढे कपडे घातलेत त्यापेक्षा एक पातळ थर जास्त, हा सोपा हिशोब.

धागा ओळखणं

तू पाचही धाग्यांना "लोकर" म्हणतेस. आपल्याकडे सगळेच म्हणतात, दुकानदारसुद्धा. पण बेबी लोकर म्हणून मिळते ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे कृत्रिम धागा. पुलोव्हरची मेंढीची असेल किंवा मिश्र असेल. बोटभर तुकडा चिमट्यात धरून स्टीलच्या ताटलीवर जाळून बघ, खिडकी उघडी ठेवून. केस जळल्यासारखा वास आला, ज्योत बाजूला नेली की विझली आणि राख बोटांनी चुरली, तर खरी लोकर. वितळून काळा कडक मणी झाला तर ॲक्रिलिक. कागदासारखं जळून मऊ करडी राख राहिली तर सूत. अर्धं चुरलं, अर्धं कडक झालं, तर मिश्र.

ही परीक्षा हौसेची नाही. खरी लोकर गरम पाण्यात आणि चोळण्यात आटते, घट्ट होऊन नमद्यासारखी होते. ॲक्रिलिक आटत नाही. सूत ओलं झालं की जड होऊन लोंबतं. हे तिन्ही एकाच वस्तूत विणले की पहिल्या चार-दोन धुण्यांत एक पट्टी आखडते, दुसरी फुगते, तिसरी लोंबते. बाळाचं कापड रोज धुतलं जाणार, तेही घाईत, कधी मशिनमध्ये. तुझ्या पांघरुणाला मी नाही म्हणते त्याचं पहिलं कारण हे.

दुसरं कारण वजनाचं. ७५ सेंटिमीटर चौरस पांघरूण नेहमीच्या ४ प्लाय लोकरीत विणायला २५० ते ३०० ग्रॅम लागते. तुझे छोटे गुंडे सव्वाशे ग्रॅम. पांढरी घातली तरी दोनशे. म्हणजे नवी लोकर विकत आणून उरलेली संपवायची, आणि त्यातून पुन्हा उरणार.

तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. वर्षाच्या आतलं बाळ झोपतं त्या जागी सुटं, जाड पांघरूण असू नये, असं बालरोगतज्ज्ञ सांगतात. ते तोंडावर येऊ शकतं आणि बाळ ते बाजूला करू शकत नाही. गरम होऊन घुसमटणं हाही धोका आहे. आपल्या सोलापुरी चादरीच्या गावात हे सांगताना घरची मोठी माणसं नाराज होतात, पण चादर मोठ्यांसाठी. बाळाला जुन्या धुवट धोतराचं किंवा नऊवारीचं पातळ दुपटं छातीपर्यंत नीट गुंडाळलेलं बरं. विणलेलं पांघरूण जागेपणी, कोणाच्यातरी नजरेसमोर, खाली अंथरायला चालतं. पण त्यासाठी एवढा खटाटोप आत्ता कशाला?

बंडी

८० ग्रॅममध्ये बंडी होते आणि थोडी उरते. पुरेल ना, ही धाकधूक काढून टाकायला स्वयंपाकघरातला छोटा डिजिटल काटा जवळ ठेव. दहा ओळी विणायच्या, उरलेल्या गुंड्याचं वजन करायचं, दहा ओळींना किती ग्रॅम गेली ते कळतं. मग पुढचा सगळा हिशोब कागदावर मांडता येतो. उरलेल्या लोकरीचं काम करणाऱ्या बाईला सुयांइतकाच हा काटा लागतो.

सुया १० नंबरच्या घे. आपल्याकडचा नंबर उलटा चालतो, आकडा मोठा तितकी सुई बारीक. ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० म्हणजे सव्वातीन, १२ म्हणजे पावणेतीन. व्हिडिओत मिलिमीटर सांगतात, म्हणून हे लक्षात ठेव. आधी २४ टाक्यांचा छोटा नमुना विण, सगळ्या ओळी सुलट. १० सेंटिमीटरमध्ये साधारण २२ टाके बसायला हवेत. तुझा हात घट्ट असेल आणि २४ बसले तर ९ नंबर घे. सैल असेल आणि २० बसले तर ११.

बंडी सबंध एका तुकड्यात विणायची, खालून वर, सगळी सुलट टाक्यांची. सुलट-सुलट विण जाड दिसते पण ताणली जाते, कडा वळत नाहीत, आणि आत-बाहेर सारखी असल्यामुळे घाईत उलटी घातली तरी बिघडत नाही. १०६ टाके घाल. त्याची रुंदी साधारण ४८ सेंटिमीटर होते. तीन महिन्यांच्या बाळाची छाती ४० च्या आसपास असते. आत झबलं, वर थोडा सैलपणा, पुढे दोन्ही पदर एकमेकांवर यायला जागा, असा सगळा मेळ त्यात बसतो. १४ सेंटिमीटर सरळ वर विणत जा.

मग मुंढे, म्हणजे हात बाहेर काढायच्या जागा. पहिले २५ टाके विण, पुढचे ४ बंद कर, पाठीचे ४८ विण, पुन्हा ४ बंद, शेवटचे २५ विण. आता तीन भाग झाले. पाठीचे ४८ टाके ११ सेंटिमीटर सरळ विणून बाजूला ठेव. पुढचा प्रत्येक भाग २५ टाक्यांवर ६ सेंटिमीटर विण, मग गळ्याच्या बाजूचे ८ टाके बंद कर, आणि त्यापुढे गळ्याच्या बाजूने एकाआड एक ओळीत एकेक टाका कमी करत १२ टाके उरेपर्यंत ये. पाठीइतकी उंची झाली की थांब. खांद्याला १२, पाठीच्या मध्ये गळ्याचे २४, पुन्हा १२. गळ्याचे २४ सैल हाताने बंद करायचे. खांदे जोडताना शिवण जाड होऊ देऊ नकोस. पुढचा आणि पाठीचा टाका एकत्र विणत दोन्ही सुया एकदम बंद केल्या की शिवण चपटी येते आणि बाळाला टोचत नाही.

नमुन्यात टाके वेगळेच आले आणि सुई बदलूनही जमलं नाही, तर हवी ती रुंदी गुणिले एका सेंटिमीटरमधले टाके, एवढा साधा गुणाकार कर. आकड्यांना घाबरू नकोस.

बंद करायला बटणं लावायची हौस सगळ्यांना असते. बदकाची, फुलाची, सशाची बटणं नवी पेठेत किती सुंदर मिळतात! तरी नको. बाळ चार महिन्यांचं झालं की हाताला लागेल ते तोंडात घालतं, आणि विणकामावर शिवलेलं बटण लवकर सैल होतं, कारण खालची वीण ताणली जाते. पुढच्या पदरांच्या कडेला आतून सुती फीत लावून तिच्यावर टिचबटणं शिव. गळ्याशी नाडी, गोंडा, दोरी काहीही नको. हे मी हट्टाने सांगते.

टोपडं

आधी बंडी पूर्ण कर, मग टोपडं घाल. बंडीला साधारण ६० ग्रॅम जाईल, उरलेल्या २० मध्ये टोपडं होतं, पण अगदी काठावर. पांढरी संपली तर शेंडा छोट्या गुंड्यांतल्या ॲक्रिलिकचा कर. पिवळा किंवा पोपटी छान दिसेल, आणि तोच रंग बंडीच्या गळ्याला एक ओळ दिलास की दोन्ही जोडीचे वाटतील. उरलेल्या लोकरीतून केलंय हे कुणाला कळणारही नाही.

तीन महिन्यांच्या बाळाचं डोकं साधारण ४० सेंटिमीटर असतं. टोपडं ३६ चं विणायचं, म्हणजे ते हलकं धरून राहतं. ८० टाके, दोन सुलट दोन उलट अशी ४ सेंटिमीटर पट्टी १२ नंबरवर, मग १० नंबरवर एक ओळ सुलट एक उलट, एकूण १० सेंटिमीटर होईपर्यंत. त्यानंतर एकाआड एक ओळीत आठ जागी जोडी विणून टाके कमी करायचे: ८०, ७२, ६४ असं करत ८ वर ये. धागा ओवून ओढून घे, पक्का कर आणि मागच्या दोन कडा जोड. वर गोंडा नको. गोंड्याचे धागे निघतात आणि ते थेट तोंडात जातात.

टोपडं बाहेर जाताना. बार्शीहून येताना गाडीत, लसीला पहाटे निघावं लागलं तर, किंवा संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाकडे बाळाला कडेवर घेऊन जाल तेव्हा. घरात झोपवताना काढून ठेवायचं. तान्ह्या बाळाच्या अंगातली जादा उष्णता डोक्यातून बाहेर पडते, रात्रभर लोकरीचं टोपडं घालून ती कोंडायची नाही. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत दवाखान्यात डोकं झाकायला सांगतात, ते तिथल्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे. त्यासाठी सुती टोपडं बरं.

कुंची विणू नकोस. खणाची किंवा इरकली कापडाची शिवलेली कुंची जशी डोक्यावरून पाठीवर पडते, तशी विणलेली पडत नाही. बारशाला शिवूनच घे.

मोजे आणि हातमोजे

मोज्यांबद्दल थोडक्यात. बाळ लाथा मारतं, मोजे पडतात, घरभर एकेक सापडतो. एकच जोड विण, घोट्याला दोन सुलट दोन उलट अशी लांब पट्टी घेऊन, म्हणजे नाडी लागत नाही. ९ सेंटिमीटर लांबीचं पाऊल धर. रंगीत नक्षी मात्र घालू नकोस. दोन रंगांच्या नक्षीत आतल्या बाजूने धागे आडवे लोंबतात, आणि बाळाचं बोट त्यात अडकून धागा करकचून बसू शकतो. बाळ रडतं, कारण कळत नाही, आणि बोटाचा रक्तपुरवठा थांबतो. म्हणून मोजे एकरंगी, फार तर आडव्या पट्ट्यांचे, आणि घालायच्या आधी उलटे करून आत सुटा धागा नाही ना ते रोज बघायचं. जाळीची वीणही मोज्याला नको, बोटं त्यातून बाहेर येतात. हातमोजे मुळीच नकोत. बाळ हात बघतं, चोखतं, त्यातून शिकतं. नखं कापली की झालं.

सुताची लाळेरी

तुझ्याकडच्या सगळ्या धाग्यांत मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते मागावरचं सूत. सोलापुरात ते घराघरात पडून असतं, म्हणून आपल्याला त्याची किंमत वाटत नाही. बाकीच्यांना असं सूत विकत आणावं लागतं. चार महिन्यांनंतर बाळाची लाळ गळू लागते आणि ती पुढे कित्येक महिने थांबत नाही. म्हणजे फेब्रुवारीपासून भर उन्हाळ्यापर्यंत, लोकरीला हात लावायची सोय नसते तेव्हा, लाळेरी रोज चार-पाच लागतात. सूत लाळ शोषून घेतं. ॲक्रिलिक लाळ नुसती पसरवतं आणि गळा ओला राहून पुरळ येतं.

फक्त मागावरचं सूत थेट सुईवर घेऊ नकोस. ताण्याच्या, म्हणजे मागावरच्या उभ्या सुताला बहुधा खळ असते, ती बाळाच्या कातडीला खरखरीत लागते. बाण्याचं, म्हणजे आडवं सूत मिळालं तर उत्तम. कुठलंही असो, कोपर ते अंगठा अशा लडी कर, चार जागी सैल बांध, गरम पाण्यात साबण घालून भिजव, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढ आणि सावलीत वाळव. खळ जाते आणि आटायचं तेवढं आधीच आटतं. रंगीत असेल तर ओला पांढरा फडका त्यावर घट्ट दाबून इस्त्री फिरव. फडक्याला रंग लागला तर ते सूत बाळासाठी बाद. गडद लाल, निळा, काळा यांच्याबाबत जास्त काळजी घे. मीठ किंवा व्हिनेगर टाकून रंग पक्का होतो यावर भरवसा ठेवू नकोस.

एकेरी सूत बारीक असतं. तीन-चार पदर एकत्र घेऊन विण, म्हणजे १० नंबरच्या सुईला बरं बसतं. विणायची रीत उरलेल्या धाग्यासाठीच जणू शोधली आहे. ३ टाके घाल. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढव, सगळं सुलट. कोपऱ्यातून त्रिकोण फुलत जातो. आता काट्यावर बघ: २५ ग्रॅमचा गुंडा असेल तर साडेबारा उरले की वाढवणं थांबव आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र विणत उतर. चौकोन पूर्ण होतो आणि धागाही संपतो. टाके मोजायला नकोत, माप धरायला नको. गुंडा छोटा तर चौकोन छोटा, अंघोळीनंतर मानेच्या वळ्या पुसायला. गुंडा मोठा तर लाळेरं. लाळेऱ्याला एका कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंनी पट्ट्या काढून मानेमागे टिचबटण दे. बांधायची नाडी नको, आणि झोपताना लाळेरं काढायचं.

छोटे गुंडे

आता ते दहा-बारा रंग. तुझा जीव त्यांच्यात अडकलाय हे मला कळतंय, पांघरुणाची कल्पनाही त्यांच्यामुळेच आली असणार. त्यातले ॲक्रिलिकचे तेवढे वेगळे काढ आणि चेंडू कर. चार-पाच महिन्यांच्या बाळाला मऊ, हलका, पंजात धरता येईल असा चेंडू फार आवडतो. रबरी चेंडू हातातून निसटतो, विणलेला निसटत नाही. रंगांचा ठळक फरकही बाळाला लवकर कळतो, म्हणून फिकटाशेजारी गडद लाव.

३४ टाके घाल, म्हणजे साधारण १५ सेंटिमीटर. सगळं सुलट विणत दर सहा-आठ ओळींनी रंग बदल, ३१ सेंटिमीटर लांबी होईपर्यंत. सुरुवातीची आणि शेवटची कड जोड. नळी झाली. तिच्या एका तोंडाला दुहेरी धाग्याने चुणून घट्ट ओढ. भर, मग दुसरं तोंड तसंच चुणून बंद कर. सुमारे १० सेंटिमीटरचा चेंडू होतो, बाळाच्या तोंडात जाणार नाही एवढा. पंचवीस ग्रॅममध्ये विणकाम होतं आणि भरायला उरलेले तुकडे, टोकं, फसलेले नमुने सगळं चालतं. आधी ते एका पातळ सुती पिशवीत भरून पिशवी शिवून टाक, म्हणजे टाक्यांतून काही बाहेर येणार नाही. घुंगरू, मणी, डाळ आत घालू नकोस. सव्वाशे ग्रॅममध्ये तीन तरी चेंडू होतील, तीन मापांचे कर.

रंग जोडताना गाठी मारू नकोस. हातभर टोक सोड आणि नंतर जाड सुईने पाच-सहा सेंटिमीटर एका दिशेने, मग थोडं उलट दिशेने विणीत ओवून टाक. दोन बोटांचं टोक सोडून कापलं की धुण्यात ते बाहेर येतं. हे काम कंटाळवाणं आहे, त्यामुळे बरेच जण तिथेच चुकारपणा करतात. बाळाच्या वस्तूत ते चालत नाही.

गुलाबी गुंडा आणि शेगडी

केसाळ धाग्याचे तंतू सुटून नाकातोंडात जातात, डोळ्याला चिकटतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या जवळही तो नको. तुझ्या स्वतःच्या मफलरला काठ म्हणून लाव.

आणखी एक, ॲक्रिलिकबद्दल. आपल्याकडे अजून अंघोळीनंतर शेगडीजवळ शेक आणि ओवा-वावडिंगाची धुरी देतात. धूर बाळाच्या छातीला चांगला नाही, तो नकोच. पण बाळंतिणीला तरी शेक देतील, आणि बाळ तिच्या मांडीवर असेल. ॲक्रिलिकवर ठिणगी पडली तर ते वितळून अंगाला चिकटतं. बार्शीच्या आजींना फोन करून सांग, शेगडी खोलीत असेतोवर बंडी आणि टोपडं काढून ठेवा.

ॲक्रिलिकला इस्त्रीही लावायची नाही. वीण मरते, कापड लुळं पडतं आणि पुन्हा तसं होत नाही. विणून झालं की कोमट पाण्यात सौम्य साबणाने धू, टॉवेलमध्ये गुंडाळून दाब, आणि सावलीत सपाट वाळव. दोरीवर टांगलं की बंडीची लांबी वाढते.

मरून लोकर

उसवलेली लोकर कुरळी असते, तशीच विणली तर टाके वाकडे येतात. लडी करून कोमट पाण्यात अर्धा तास ठेव, न पिळता टांग, सरळ होते. मग मनगटाच्या आतल्या बाजूला आणि गळ्याला चोळून बघ. जुन्या पुलोव्हरची लोकर बहुतेक वेळा टोचते, आणि बाळाची कातडी आपल्याहून नाजूक. शिवाय मरून रंग लाळेत उतरायची भीती. पण बाळंतिणीला सव्वा महिना कान बांधून ठेवायला सांगतात, ते ऑक्टोबरच्या उकाड्यात सुती रुमालावर भागेल. डिसेंबरमध्ये वहिनी इकडे आली की पहाटे उठून पाजताना तिच्या डोक्या-कानांवर घ्यायला, खांद्यावर ओढायला काही विणलंस तर तिला खरंच उपयोग होईल. बाळासाठी सगळे विणतात, आईसाठी कुणी विणत नाही.

त्रिकोणी रुमाल कर. वरचीच रीत, ३ टाके घालून प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक वाढवत जायचं, फक्त इथे उतरायचं नाही. ८ किंवा ९ नंबरची सुई घे, वीण मऊ येते. १४० ग्रॅममध्ये लांब बाजू मीटरभर होईल, म्हणजे हनुवटीखाली गाठ बसते. शेवटी टाके बंद करायला कडेच्या लांबीच्या चौपट धागा लागतो, म्हणून सव्वाचार-साडेचार मीटर उरले की थांब आणि विणायच्या सुईपेक्षा दोन नंबरांनी जाड सुईने सैल बंद कर. नाहीतर कड आखडून रुमाल वाटीसारखा होतो.

आता सुरुवात कुठून? सूत धुऊन लडी आजच घाल, लाळेऱ्यांना मापाची वाट बघायची गरज नाही. चेंडू आणि रुमाल पावसाळ्यात होऊन जातील. बंडी १४ सेंटिमीटरपर्यंत विणून सुईवर राहू दे. बाळ झालं, बारसं झालं, की वहिनीला बाळाची छाती आणि बगलेपासून खांद्यापर्यंतची उंची टेपने मोजून पाठवायला सांग. बाळ अंगाने मोठं असेल तर मुंढा ११ ऐवजी १२ सेंटिमीटर कर, आणि पदर कमी एकमेकांवर येतील एवढंच. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरचा भाग संपव, दोन दिवसांत टोपडं होतं. धुऊन, टिचबटणं ओढून बघून, कुणी बार्शीला जाणारं असेल त्याच्या हाती पाठवून दे, म्हणजे येतानाच बाळाच्या अंगावर असेल.